क्लब पाहिल्याशिवाय देशाचा संघ कळत नाही

८ मार्च २०२५ ला डब्लिनमध्ये फ्रान्सनं आयर्लंडला ४२-२७ असं हरवलं. सामना सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच फ्रान्सचा कर्णधार आंत्वान द्युपाँ गुडघ्याचं लिगामेंट तुटल्यामुळे बाहेर गेला. असा स्क्रम-हाफ (फळीमागून चेंडू काढून पुढे देणारा ९ नंबर) गेल्यावर कुठलाही संघ विस्कटायला हवा. फ्रान्सनं मात्र त्यानंतरच सामना खऱ्या अर्थानं ताब्यात घेतला. वर्षातून फक्त सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची वार्षिक स्पर्धा) पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला, पण बोर्दो (पूर्ण नाव बोर्दो-बेग्ल) या फ्रेंच क्लबचे सामने पाहणाऱ्यांना त्यात नवल नव्हतं. द्युपाँच्या जागी आलेला माक्सिम लुकू बोर्दो-बेग्लचा. दोन्ही विंगवरचे, म्हणजे कडेचे, लुई बिएल-बिआरे आणि दामियाँ पनो बोर्दोचे. सेंटरला योराम मोएफाना, तोही बोर्दोचा. लुकू रकमागून (जमिनीवरच्या चेंडूसाठी जमलेल्या झुंबडीमागून) उंच किक कधी मारणार आणि चेंडू किती अंतरावर खाली येणार, हे बिएल-बिआरेला सांगावं लागत नाही. दर शनिवार-रविवारी तो त्याच किकमागे धावत असतो. त्या दिवशी त्यानं दोन ट्राय केले (म्हणजे चेंडू समोरच्या गोल रेषेपलीकडे टेकवला) आणि स्पर्धा संपेपर्यंत एकूण आठ. मे महिन्यात याच बोर्दोनं कार्डिफमध्ये इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनला २८-२० असं हरवून चॅम्पियन्स कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा करंडक, उचलला.

रग्बी मनापासून पाहायची तर माझा आग्रह एवढाच की एक क्लब धरा. देशाचा संघ वर्षाला दहा-बारा कसोटी सामने खेळतो. त्यातले खेळाडू उरलेला वेळ क्लबकडे असतात. तिथंच त्यांच्या जोड्या जमतात, तिथंच दुखापती होतात, आणि कोण फॉर्मात आहे तेही तिथंच दिसतं.

कुठला क्लब, हे ठरवण्याआधी कुठला देश खेळाडू कुठून निवडतो ते पाहावं. आयर्लंडचे बहुतेक खेळाडू मायदेशातच राहतात, कारण प्रमुख खेळाडूंचे करार थेट राष्ट्रीय संघटनेशी असतात. त्यातही डब्लिनच्या लेन्स्टर क्लबचा भरणा इतका की आयर्लंडचा संघ आणि लेन्स्टरचा संघ बाजूबाजूला ठेवले तर निम्म्याहून अधिक नावं तीच दिसतात. इंग्लंड अपवादात्मक परिस्थिती सोडली तर इंग्लिश लीगबाहेरचा खेळाडू घेत नाही. न्यूझीलंडचाही नियम तोच; २०२३ च्या विश्वचषकानंतर रिची मोउंगा जपानला गेला आणि ऑल ब्लॅक्सना (न्यूझीलंडच्या संघाला) आपल्या फ्लाय-हाफवर (डाव आखणाऱ्या १० नंबरवर) पाणी सोडावं लागलं. दक्षिण आफ्रिकेला असं कसलंच बंधन नाही. चेस्लिन कोल्बे २०२३ मध्ये जपानला खेळायला गेला, इतर कुणी फ्रान्समध्ये, कुणी इंग्लंडमध्ये, कुणी घरी, आणि सगळे हिरव्या जर्सीत एकत्र येतात. म्हणून एकाच क्लबातून देशाचा संघ समजून घ्यायचा असेल तर लेन्स्टर सर्वांत सोपा. विविधता हवी असेल तर युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप घ्या: आयर्लंडचे चार, वेल्सचे चार, दक्षिण आफ्रिकेचे चार, स्कॉटलंडचे दोन, इटलीचे दोन, असे सोळा संघ. आणि निव्वळ चुरस, गर्दी, घरच्या मैदानाचा अभिमान हवा असेल तर फ्रान्सचा टॉप १४. चौदा संघ, सव्वीस फेऱ्या, वरच्या सहांना बाद फेरी, त्यातल्या पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी, तळाच्या संघाची थेट खालच्या विभागात रवानगी, आणि तेराव्यालाही तग धरण्यासाठी एक जादा सामना. ब्रेनस ढाल, म्हणजे टॉप १४ चं विजेतेपद, मिळवायला क्लेरमाँसारख्या तालेवार क्लबला २०१० पर्यंत थांबावं लागलं, तेही दहा अंतिम सामने हरल्यावर.

इंग्लिश लीगबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश हे क्लब पैशांअभावी बंद पडले आणि तेरा संघांची लीग दहावर आली. खेळ उत्तम आहे, पण क्लबांचे ताळेबंद नाजूक आहेत.

घड्याळ

भारतात बसून रग्बी पाहणाऱ्याचं पहिलं काम वेळापत्रक जुळवणं. इथंच बरेच जण चुकतात, कारण युरोप आणि न्यूझीलंड दोघंही घड्याळ बदलतात, आणि तेही उलट दिशांना.

सिक्स नेशन्स फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथला दुपारी सव्वादोनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पावणेआठला, पावणेपाचचा रात्री सव्वादहाला. यापेक्षा सोयीची मोठी स्पर्धा आपल्याला नाही. घोळ होतो तो शुक्रवारच्या रात्रीच्या सामन्यांचा. पॅरिसमध्ये शुक्रवारी रात्री सव्वानऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे पावणेदोनला येतो. वेळापत्रकात शुक्रवार वाचून शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीपुढे बसलात तर हाती काही लागणार नाही. टॉप १४ चा रविवारचा मुख्य सामना फ्रान्सच्या घड्याळानं रात्री ९:०५ ला असतो. हिवाळ्यात तो आपल्या सोमवारी पहाटे १:३५ ला पडतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर १२:३५ ला. त्या रविवारपासून युरोपातला प्रत्येक सामना आपल्याकडे एक तास अलीकडे सरकतो. लगेच पुढच्या रविवारी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या, न्यूझीलंड आणि सिडनीचं घड्याळ मागे जातं आणि तिकडचे सामने आपल्याकडे एक तास उशिरा येऊ लागतात. सुपर रग्बीतला (न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या क्लबांच्या स्पर्धेतला) ऑकलंडचा संध्याकाळी ७:०५ चा सामना मार्चमध्ये आपल्या सकाळी ११:३५ ला, तर एप्रिलपासून दुपारी १२:३५ ला. ब्रिस्बेनचं घड्याळ मात्र वर्षभर तेच. क्वीन्सलंड हा बदल पाळत नाही. दक्षिण आफ्रिकाही पाळत नाही. केपटाउन किंवा प्रिटोरियातला संध्याकाळी पाचचा सामना बारा महिने आपल्या साडेआठलाच. अर्जेंटिनातला दुपारी चारचा सामना रात्री साडेबाराला, आणि तारीखही पुढची.

याला सोपा उपाय आहे. क्लबच्या संकेतस्थळावरून वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरला जोडून टाकायचं, हातानं लिहायचं नाही. कॅलेंडर स्थानिक वेळ स्वतः बदलून घेतं, आणि प्रक्षेपणासाठी सामना पुढे-मागे केला (फ्रान्समध्ये हे सर्रास होतं) तर तेही आपोआप दुरुस्त होतं. सामन्याला मधली सुटी, टीव्ही पंच आणि दुखापती धरून सुमारे दोन तास धरावेत.

प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक वेगळे आणि मोसमागणिक बदलणारे असतात, त्यामुळे वर्षाचं वर्गणी-पॅक घेण्याआधी त्यात नेमकी कुठली स्पर्धा आहे ते तपासून घ्या. वर्ल्ड रग्बीचं रग्बीपास टीव्ही फुकट आहे. नोंदणी केली की जुन्या विश्वचषकांचे सामने पाहता येतात. नव्या माणसानं २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीतले दोन सामने तिथं सबंध पाहावेत: न्यूझीलंडनं आयर्लंडला २८-२४ असं हरवलं तो, आणि दक्षिण आफ्रिकेनं फ्रान्सला २९-२८ असं हरवलं तो. दहा मिनिटांचे ठळक क्षण पाहून रग्बी कळत नाही. त्यात फक्त ट्राय दिसतात, आणि ट्राय कुठून जन्मला ते आधीच्या दोन मिनिटांत असतं.

संघाची यादी कशी वाचायची

सामन्याच्या साधारण दोन दिवस आधी तेवीस जणांची यादी येते. सामन्याचा अर्धा अंदाज त्या यादीतच असतो. १ ते ८ फॉरवर्ड (स्क्रममध्ये, म्हणजे आठ-आठ जणांच्या ढकलाढकलीत, उतरणारे), ९ ते १५ बॅक (त्यांच्यामागे चेंडू घेऊन धावणारे), १६ ते २३ बदली खेळाडू. बहुतेक जण पहिले पंधरा पाहून यादी मिटतात. मी उलट सांगेन: आधी १६ ते २३ पाहा.

त्या आठांत किती फॉरवर्ड आणि किती बॅक, यावर प्रशिक्षकाचा सगळा डाव ठरतो. पाच-तीन ही जुनी, सुरक्षित विभागणी. दक्षिण आफ्रिकेनं २०१९ मध्ये सहा-दोन करून विश्वचषक जिंकला. पन्नासाव्या मिनिटाला दमलेल्या स्क्रमसमोर जवळजवळ सबंध ताजी फळी उभी करायची, हा त्यामागचा हिशेब. २०२३ मध्ये ते सात-एकवर गेले. यात जोखीम उघड आहे: दोन बॅक जायबंदी झाले की फॉरवर्डला बॅकमध्ये खेळवावं लागतं. वर सांगितलेल्या डब्लिनच्या सामन्यात फ्रान्सचा बेंच सात-एकच होता. एकुलता एक बॅक, लुकू, द्युपाँसाठी खर्ची पडला, आणि मग सेंटर पिएर-लुई बारासीही बाहेर गेला. त्याच्या जागी ऑस्कार जेगू हा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) सेंटरला उभा राहिला. त्यानं टॅकल तर केलेच, ट्रायही केला. पण दर वेळी इतकं निभावत नाही.

२०२३ च्या अंतिम सामन्यात हीच जोखीम दुसऱ्या बाजूनं अंगाशी येऊ पाहत होती. दक्षिण आफ्रिकेचा हूकर (स्क्रमच्या पहिल्या फळीतला मधला) माल्कम मार्क्स स्पर्धेदरम्यान जायबंदी झाला तेव्हा त्यांनी बदली म्हणून हूकर बोलावलाच नाही. हँद्रे पोलार्ड हा फ्लाय-हाफ बोलावला. म्हणजे खरा हूकर एकच उरला, बोंगी म्बोनाम्बी, आणि तो अंतिम सामन्याच्या सुरुवातीलाच दुखापतीनं बाहेर गेला. उरलेला सगळा सामना डिऑन फूरी हूकर म्हणून खेळला. तो पूर्वी हूकर खेळलेला असला तरी तोवर मुख्यतः फ्लँकर झाला होता. लाइनआउटमध्ये, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर दोन संघांच्या रांगा उभ्या राहतात तेव्हा, चेंडू फेकणं हे हूकरचं काम. आठ-दहा मीटरवर उचललेल्या खेळाडूच्या हातात, नेमक्या क्षणी. फूरी आल्यावर आफ्रिकेच्या लाइनआउटची घडी बिघडली, ती यामुळे. आणि तरीही ते १२-११ असे जिंकले. बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे, म्हणजे हूकरच्या जागी बोलावलेल्या माणसाचे! निवड समितीचा एवढा मोठा जुगार एवढा नेमका फळल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पहिल्या फळीचे तीन, दोन प्रॉप आणि हूकर, यांची जागा दुसरं कुणीही घेऊ शकत नाही, कारण अप्रशिक्षित मान स्क्रममध्ये मोडू शकते. म्हणून तेवीसांत तिन्ही जागांना एकेक प्रशिक्षित बदली असावाच लागतो. ते संपले की स्क्रम बिनढकलाढकलीचा होतो. मग कमजोर स्क्रमचा संघ मुद्दाम दुखापतीचं सोंग आणील, म्हणून जोडीला दंडही आहे: त्या संघाचा आणखी एक खेळाडू कमी होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये इटलीवर डब्लिनमध्ये हेच ओढवलं. एक हूकर जायबंदी, त्याच्या बदल्यात आलेल्याला लाल कार्ड, आणि वर या नियमाचा फटका. पहिल्या वीस मिनिटांतच संघ तेरा जणांवर आला. निकाल ५७-६. नियमामागचा हेतू रास्त आहे, पण त्या दिवशी त्यानं सामन्याचा जीव घेतला असं माझं स्पष्ट मत.

चेंडू सोडून रक पाहा

एका सामन्यात दीडशेच्या आसपास रक होतात आणि सामना तिथंच ठरतो. नवा प्रेक्षक चेंडूवर नजर ठेवतो. अनुभवी प्रेक्षक जमिनीवरच्या माणसावर.

एका रकचा क्रम असा. चेंडू घेतलेला खेळाडू टॅकल होऊन पडतो. टॅकल करणाऱ्यानं त्याला तत्काळ सोडून बाजूला लोळत निघायचं असतं. पडलेल्यानं चेंडू लगेच ठेवायचा किंवा सोडायचा असतो. तो सहसा अंग वळवून हात लांब करून आपल्या बाजूला ठेवतो. एवढ्यात विरोधी संघाचा एक जण, बहुधा ७ नंबर किंवा हूकर, वाकून चेंडूवर हात टाकतो. याला जॅकल म्हणतात. तो स्वतःच्या पायांवर उभा हवा, हात किंवा कोपर जमिनीला टेकलेले नकोत, आणि तो आपल्या बाजूनं, मागच्या पायाच्या रेषेतून आलेला हवा, कडेनं शिरलेला नको. त्याचे हात चेंडूवर पक्के बसले आणि पडलेल्यानं सोडला नाही, की शिट्टी: चेंडू धरून ठेवल्याची पेनल्टी. त्याआधीच आक्रमक संघाचा कुणी येऊन त्याला धडक देऊन मागे ढकलू शकला तर चेंडू वाचला. हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. चेंडू तीन सेकंदांच्या आत बाहेर आला तर बचावाची फळी नीट उभी नसते आणि पुढच्या टप्प्यात (एका रकपासून पुढच्या रकपर्यंतच्या खेळात) जागा सापडते. पाच-सहा सेकंद लागले तर समोर भिंत तयार असते, आणि स्क्रम-हाफला उंच किक मारण्यावाचून गत्यंतर नसतं.

म्हणून रकमध्ये कोण कितव्या सेकंदाला पोचतो ते पाहा. प्रत्येक रकला आक्रमक संघाचे तीन-चार जण लागत असतील तर पुढच्या हल्ल्याला माणसं उरत नाहीत. दोघांत भागत असेल तर तो संघ जिंकायच्या मार्गावर आहे. धावफलकावर हे थोडं उशिरा उमटतं. आयर्लंड-न्यूझीलंडच्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटी आयर्लंडनं सदतीस टप्पे चेंडू राखला, पण पुढे सरकता येईना, आणि अखेर न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकनं रकमध्ये हात घालून पेनल्टी मिळवली. ते सदतीस टप्पे ओळीनं पाहा, फक्त रक पाहत. न्यूझीलंडनं बहुतेक रकमध्ये हात घातलेच नाहीत. माणसं फळीत उभी ठेवली आणि खात्रीचा एकच क्षण निवडला.

चेंडू कुणाकडे जास्त वेळ होता, हा आकडा म्हणूनच फसवा. फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिका अनेकदा चेंडू मुद्दाम समोरच्याला देतात आणि त्याच्याच गोल रेषेपासून २२ मीटरच्या आत त्याला चुकायला लावतात. आकडेच पाहायचे तर तीन पाहा: पेनल्टी किती दिल्या, समोरच्याच्या २२ मध्ये किती वेळा शिरले, आणि दर वेळी सरासरी किती गुण घेऊन बाहेर पडले.

२०२४ च्या उत्तरार्धापासून किकबद्दल आणखी एक फरक पडला. उंच किक झेलायला उभ्या असलेल्या आपल्या माणसापुढे सहकारी आडवे-तिडवे पळत भिंत उभी करायचे. पंच आता ते चालू देत नाहीत. त्यामुळे हवेतली झटापट खरोखर बरोबरीची झाली, आणि उंच, हवेत चपळ विंगरचं मोल वाढलं. बिएल-बिआरेचा तो मोसम या बदलाशिवाय समजत नाही.

स्क्रमबद्दल थोडक्यात. पंच तीन हुकूम देतात: क्राउच (वाका), बाइंड (धरा), सेट (भिडा). ३ नंबरचा टाइटहेड प्रॉप समोरच्या दोघांच्या खांद्यांमध्ये डोकं घालतो, म्हणून सगळ्यात जास्त भार त्याच्यावर. कॅमेरा बाजूनं असेल तर प्रॉपची पाठ आणि कमर पाहा. पाठ सरळ आणि कमर खांद्याच्या पातळीत असेल तर तो सुस्थितीत. खांदे कमरेखाली गेले की स्क्रम कोसळणार. कुणी आत तिरका घुसतोय, कुणाचा हात समोरच्याच्या जर्सीवरून सुटून खाली आलाय, यावरून पेनल्टी कुणाला ते ठरतं. पंच चुकतातही, आणि जाणकारांचंही यावर एकमत होत नाही. २०२३ मध्ये फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डॅमियन विलेम्सनं स्वतःच्या २२ मीटरमध्ये चेंडू झेलून मार्क (अशा झेलाबद्दल मिळणारी फ्री किक) मागितला आणि किक न मारता स्क्रम घेतला. आमचा स्क्रम वरचढ आहे, हे त्यानं भर मैदानात जाहीर केलं. जुलै २०२४ पासून फ्री किकऐवजी स्क्रम घ्यायची मुभाच काढून टाकली. मला हा बदल पटलेला नाही. स्क्रम कमी होतील हे खरं, पण समोरच्याला डिवचायची इतकी उत्तम संधी कशाला काढून घ्यायची?

त्याच सामन्यातला दुसरा क्षण: ट्रायनंतर फ्रान्सचा तोमा रामोस कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायला जोडून मिळणारी जादा गुणांची किक, मारायला निघाला आणि चेस्लिन कोल्बेनं गोल रेषेमागून धावत येऊन ती किक अडवली. किकर चेंडूकडे जायला हलला की समोरच्यांना धावायची मुभा असते, पण क्वचितच कुणी मनापासून धावतं. कन्व्हर्जनचे गुण दोन. सामना एका गुणानं निकाली झाला.

गुणतक्ता आणि रिकाम्या जर्सी

विजयाला चार, बरोबरीला दोन, हे सगळीकडे सारखं. बोनस वेगळे. सिक्स नेशन्स, इंग्लिश लीग आणि युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये चार ट्रायना एक गुण आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास एक. टॉप १४ मध्ये ट्रायचा बोनस समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त असतील तरच, आणि पराभवाची मर्यादा पाच. म्हणून फ्रान्समध्ये ३५-१० असा निकाल लागलेला सामनाही शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत असतो: हरणाऱ्या संघानं एक ट्राय केला तर जिंकणाऱ्याचा बोनस जातो. सिक्स नेशन्समध्ये पाचही सामने जिंकणाऱ्याला वर तीन गुण मिळतात. कारण साधं गणित आहे. एकही बोनस न घेता पाच विजय म्हणजे वीस. चार बोनस विजय आणि दोन बोनससह एक पराभव म्हणजे बावीस. तीन गुण दिले की अपराजित संघ तेवीसवर जातो आणि कुणी त्याला मागे टाकू शकत नाही.

क्लबचा तक्ता वाचताना मात्र सामना कोणत्या आठवड्यातला आहे ते आधी पाहा. सिक्स नेशन्सदरम्यान इंग्लिश लीग थांबते. टॉप १४ काही शनिवार-रविवार चालूच राहते. तुलूझचे डझनभर खेळाडू तेव्हा देशाकडे असतात आणि अकादमीतली पोरं मैदानात. फेब्रुवारीत तुलूझ हरलं म्हणून त्यांना मोडीत काढू नये; २०२५ मध्ये द्युपाँविना खेळून त्यांनी जूनमध्ये बोर्दोला जादा वेळेत ३९-३३ असं हरवून ढाल जिंकलीच. दक्षिण आफ्रिकेचे क्लब युरोपातल्या बाहेरच्या सामन्यांना कधीकधी दुसरी फळी पाठवतात, कारण लांबच्या प्रवासानंतर आठवड्यानं पुन्हा लीगचा सामना असतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रिटोरियाच्या बुल्सनी नॉर्दॅम्प्टनला अनेक मुख्य खेळाडूंशिवाय संघ नेला आणि ५९-२२ असा मार खाल्ला. तो निकाल पाहून बुल्सची पारख करणाऱ्यांची दोन महिन्यांत फजिती झाली: जूनमध्ये ते युनायटेड रग्बीच्या अंतिम सामन्यात होते.

२०२६ पासून देशांच्या वेळापत्रकात नेशन्स चॅम्पियनशिप आली आहे. सिक्स नेशन्सचे सहा विरुद्ध दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, जपान आणि फिजी; जुलैमध्ये तीन फेऱ्या, नोव्हेंबरमध्ये तीन, आणि शेवटी लंडनला निर्णायक सामने. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर, प्रथमच चोवीस संघांचा. सिडनी-मेलबर्नचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी येतील, तेव्हा रजा जपून ठेवा.

डब्लिन, लंडन, ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना सांगायचं तर कसोटीच्या तिकिटामागे धावण्याआधी क्लबचं तिकीट काढा. ते स्वस्त असतं, सहज मिळतं आणि जागा मैदानाला लागून असते. आयर्लंडमध्ये कसोटीची बरीच तिकिटं स्थानिक क्लबांमार्फतच वाटली जातात, त्यामुळे एखाद्या क्लबचं सभासदत्व घेणं हाच त्यातला राजमार्ग.

इंग्लंड-स्कॉटलंड सामना पाहताना ज्यासाठी तो खेळला जातो त्या कलकत्ता करंडकाकडेही नीट पाहा. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात रग्बीचा सामना झाला, त्यातून क्लब निघाला, आणि पुढे तो बंद पडला तेव्हा खात्यातले २७० चांदीचे रुपये वितळवून हा करंडक घडवला. तीन मुठी म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून दोन्ही देश त्यासाठी खेळतात.

आपल्याकडे प्रत्यक्ष पाहायचं तर मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पंधरा जणांची रग्बी अनेक दशकं चालत आली आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. सहा संघ, आणि विजेते चेन्नई बुल्स. तिथं जाण्याआधी लक्षात घ्या, ती सात जणांची रग्बी आहे. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी, स्क्रम तिघांचा, कन्व्हर्जन ड्रॉप किकनं (चेंडू हातातून जमिनीवर सोडून उसळताच मारायचा), आणि पिवळं कार्ड दहाऐवजी दोन मिनिटांचं. या लीगमध्ये सामना चार-चार मिनिटांच्या चार भागांचा होता, त्यामुळे खाणंपिणं आणायला उठायचं तर दोन सामन्यांच्या मधेच उठा.